नवसाबाई स्मृती प्लेऑफ

"येत्या रविवारच्या आत प्लेऑफ रद्द करून दाखवतो, नाहीतर रंगनाथ देवरे नाव सांगणार नाही!"

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सात-आठ माणसांसमोर, मी छाती पुढे काढून असं बोललो होतो. प्लेऑफ रद्द झाली नाही. नाव मात्र तेच सांगतो. दुसरं आणणार कुठून?

आता तुम्ही म्हणाल, प्लेऑफ कसली? क्रिकेटची नाही, कबड्डीची नाही. कॅरमची!

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याजवळ, अगदी रस्त्याला लागून. दिवाळी झाली की आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोड्यांची कॅरम लीग सुरू होते. दहा जोड्या. दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बोर्ड लागतो, प्रत्येक जोडी प्रत्येक जोडीशी एकदा खेळते. ज्यांचे गुण जास्त ते विजेते. बक्षीस म्हणून एक कप मिळतो, तो वर्षभर घरात ठेवायचा आणि घासूनपुसून परत द्यायचा. कपाचं कोणाला काही नाही. सगळ्यांचा जीव अडकलेला असतो क्लबहाउसमधल्या हिरव्या फलकावर. विजेत्या जोडीचं नाव पेंटर बोलावून त्यावर लिहितात. पांढऱ्या ऑइलपेंटने. ते कायमचं!

माझी बायको नवसाबाई. चार मुलांवर एक मुलगी व्हावी म्हणून तिच्या आईने नवस केला होता, म्हणून हे नाव. कॅरम ती इथे राहायला आल्यावर शिकली आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेली. बोटाने नाही, अंगठ्याने मारायची. पदर खोचून बसली की समोरच्याची राणी गेलीच म्हणून समजा! मी तिचा जोडीदार म्हणजे स्कूटरची स्टेपनी. असावी लागते म्हणून असते. तिने मला एकच काम दिलं होतं, "तुम्ही फक्त माझ्या सोंगट्या बिघडवू नका."

एवढं असूनही फलकावर आमचं नाव कधी लागलं नव्हतं. दरवर्षी आम्ही दुसरे, नाहीतर तिसरे. कारण अधूनमधून मलाही मारावंच लागायचं ना!

त्या वर्षी मात्र तिने मनावर घेतलं होतं. पहिले सहा सामने खेळलो, सहाच्या सहा जिंकलो. मग माघात, एका मंगळवारी सकाळी, तिने गॅसवर चहा ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसली. चहा उतू गेला तरी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. बस, एवढंच झालं.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. बसलो की घर खायला उठायचं. पस्तीस वर्षं मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत होतो, हाताला काम लागतं. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. मग मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या बिजागऱ्या. मग वरचा मजला. लोक मला तेलाची कुपी घेऊन येताना बघून आतून कडी लावायला लागले! कड्यासुद्धा आवाज न करता लागायच्या. तेल मीच दिलेलं.

लीगमधले उरलेले तीन सामने समोरच्या फ्लॅटमधल्या शुभांगीताईंनी माझ्यासोबत खेळून दिले. नवसाबाईची संध्याकाळची मैत्रीण. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. तीनपैकी दोन आम्ही हरलो, त्यातले दोन्ही माझ्यामुळे. तरी साखळी संपली तेव्हा पहिल्या क्रमांकावर आम्हीच!

आणि इथे मध्ये आली प्लेऑफ. त्याच वर्षी सोसायटीचे अध्यक्ष दिवाकरराव यांनी नवीन नियम आणला होता. साखळीतल्या पहिल्या चार जोड्यांची उपांत्य फेरी, मग अंतिम सामना, आणि तो जिंकेल त्याचं नाव फलकावर. साखळीतले गुण तिथे शून्य! ज्या सभेत हा नियम पास झाला तिथे बटाटेवडे गरम होते, त्यामुळे कोणी विरोध केला नाही.

म्हणजे बघा. मी आणि शुभांगीताई हरलो तर प्रश्नच मिटला. आणि जिंकलो तरी फलकावर नाव लागणार 'रंगनाथ व शुभांगी'. नवसाबाईने जिंकलेले सहा सामने कुठे? कुठेच नाहीत. मला कप नको होता. मला त्या फलकावर तिचं नाव पाहिजे होतं. म्हणून ती गर्जना!

मी दिवाकररावांना पार्किंगमध्ये गाठलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. नियमाशिवाय शिंकतसुद्धा नाहीत.

"दिवाकरराव, चार महिने जो पहिला तो पहिला. यात प्लेऑफचं काय काम?"

"देवरे, टीव्हीवरच्या मोठमोठ्या लीगमध्ये असंच असतं."

"टीव्हीवर सासू सुनेला विषसुद्धा घालते. आपण घालायचं का?"

"अहो, शेवटी थरार पाहिजे, थरार!"

"तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे ना? आणि थरार कशाला पाहिजे?"

"खेळ म्हटला की थरार आला."

"तुम्ही आणि गोदावरीवहिनी तिसरे आलात, म्हणून थरार! पहिले आला असता तर तुम्हाला शांतता पाहिजे असती."

दिवाकररावांनी चष्मा काढून पुसला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसतात.

"असं करा," ते म्हणाले, "चारही जोड्या एकमताने नको म्हणाल्या तर मी रद्द करतो. मग माझी ना नाही."

चार जोड्या म्हणजे एक आम्ही, एक ते स्वतः. दुसऱ्या क्रमांकावर माझाच मुलगा हर्षल आणि सून आरोही. चौथा, बी विंगमधला किशोर आणि त्याची बायको हर्षाली. आता यात काय अवघड होतं? दुसरी जोडी तर माझ्याच घरात जेवत होती!

रात्री जेवताना मी विषय काढला. हर्षलने घास हातातच धरला.

"बाबा, आम्ही दोन गुणांनी मागे आहोत. आम्हाला एक चान्स नको का?"

"चान्स? चार महिने काय झोपला होतास?"

"ए विंगशी हरलो त्या दिवशी मला ताप होता."

"मग तापाची प्लेऑफ ठेवा!"

आरोही म्हणाली, "बाबा, आई असत्या तर त्यांनी प्लेऑफमध्येसुद्धा सगळ्यांना धुतलं असतं."

"असती तर प्लेऑफला भीत कोण होतं!" मी म्हणालो आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. मग ते धुतलं. मग सगळ्यांची ताटं धुवायला मागितली. त्यांचं जेवण व्हायचं होतं.

शेवटी हर्षल म्हणाला, "बरं, किशोर नको म्हणाला तर आम्हीही नको म्हणू. जा, त्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी किशोरकडे गेलो. हाही अंबडलाच कामाला, म्हणजे बोलणं सोपं. हर्षालीने मिसळ केली होती, काळ्या मसाल्याची. नको नको म्हणेपर्यंत ताट समोर आलं.

मी मुद्द्यावर आलो. "किशोर, तू कारखान्यातला माणूस. वर्षभर माल चांगला दिला आणि शेवटच्या दिवशी एक पीस बिघडला, तर अख्खं वर्ष भंगारात टाकतात का?"

किशोर हसला. "काका, तुम्ही क्वालिटीत होतात ना?"

"पस्तीस वर्षं!"

"मग? पेटीतले चार पीस काढून मोजायचे आणि हजारांचा लॉट पास करायचा, की परत पाठवायचा. आयुष्यभर तुम्ही हेच केलंत. ती प्लेऑफच होती की!"

पस्तीस वर्षांत असं कोणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं.

"आणि राग मानू नका," तो पुढे म्हणाला, "साखळीत कोण पहिलं आलं? काकू आल्या. तुम्ही आणि शुभांगीताई मिळून तीनातले दोन हरलात. आज कोण चांगलं खेळतं ते बघायला नको का?"

"तेच तर म्हणतोय मी!" मी ओरडलो. "काकू पहिली आली! मग—"

मग काय, ते मला सांगता आलं नाही. कारण बोलता बोलता मी चमचाभर नुसती तर्री तोंडात टाकली होती आणि ती सरळ श्वासनळीत गेली. जाळ झाला, जाळ! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, तोंडातून शब्द नाही. मी पाण्यासाठी हात पुढे केला.

किशोरने तो हात दोन्ही हातांत धरला.

"काका," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रडा. मोकळे व्हा."

मी मान जोरजोरात हलवली. पाणी, पाणी!

"अहो, किती साठवून ठेवलंय मनात!" हर्षाली डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "आपण बघा कसे, प्लेऑफ प्लेऑफ करत बसलो!"

शेवटी मी ताकाचा ग्लास स्वतःच ओढून घेतला. तोपर्यंत किशोरने मला मिठी मारली होती, त्यामुळे अर्धं ताक त्याच्या पाठीवर सांडलं. तरी त्याने मिठी सोडली नाही.

"तुम्ही आता काही बोलू नका. मी बघतो सगळं. दिवाकररावांशी मी बोलतो."

बघतो म्हणाला! मी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळत होतो. झाली रद्द! त्या आनंदात पार्किंगमधल्या सगळ्या सायकलींच्या चेनना तेल दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात दिवाकरराव, गोदावरीवहिनी, किशोर, हर्षाली. चौघांचे चेहरे असे, की मला वाटलं सोसायटीत कोणी गेलं.

"देवरे," दिवाकरराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किशोरने सगळं सांगितलं. आम्हाला कल्पना नव्हती हो. कमिटीने एकमताने ठरवलंय."

"बरं झालं!" मी म्हणालो.

"यंदापासून आपल्या प्लेऑफला नाव दिलंय. 'कै. सौ. नवसाबाई देवरे स्मृती प्लेऑफ'!"

मी बसलो.

गोदावरीवहिनी डोळे पुसत होत्या. हर्षाली डोळे पुसत होती. माझा मुलगा आतून आला आणि त्यानेही डोळे पुसले. आता मी काय बोलू? ही प्लेऑफ बंद करा म्हणू? बायकोच्या नावाचं बंद करा म्हणणारा नवरा! जी प्लेऑफ हाकलायची तिलाच बायकोचं नाव लावून ठेवलं होतं. सापाला हार घालून दारात बसवावं, तसं.

"आवडलं ना, काका?" किशोरने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "फार."

किशोरचा उत्साह आता आवरेना. आमच्या भागात कोणाचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो, मग स्मृती प्लेऑफला नको? त्याने हर्षलकडून फोटो मागितला. हर्षलने त्याच्या लग्नातला आम्हा दोघांचा फोटो दिला. त्यात नवसाबाई खळखळून हसते आहे आणि मी शेजारी असा उभा, जसा मला कोणी ओळख पटवायला आणलंय. किशोरने फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "वर मधोमध श्रद्धांजलीचा फोटो, हार, समई. खाली कमिटीसोबत दुसरा फोटो, शुभेच्छुक म्हणून." कोणाचा वर आणि कोणाचा खाली, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. मजकुरात नाव होतंच ना!

फ्लेक्सवाल्याने दोन्ही चेहरे बघितले. एक हसतोय, एक लाकडासारखा. त्याने आपल्या बुद्धीने ठरवलं कोण गेलं असेल ते. मी त्याला दोष देत नाही. तो फोटो बघून मीही तेच ठरवलं असतं!

शनिवारी रात्री त्याची माणसं फ्लेक्स बांधून गेली. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे. आम्हाला आतून फक्त पांढरं कापड दिसत होतं. रस्त्यावरच्या सगळ्या जगाला मात्र दिसत होता मी. सहा फुटी, हार घातलेला, शेजारी समई. 'कै. सौ. नवसाबाई देवरे' ही अक्षरं खाली होती, पण फ्लेक्सवरची अक्षरं वाचतो कोण? सगळे फोटो बघतात. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, दिवाकररावांच्या शेजारी, माझी बायको मनापासून हसत होती!

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शनिवारचा अख्खा दिवस शुभांगीताईंनी माझ्याकडून सराव करून घेतला. "देवरेभाऊ, कोन बघा, कोन! शाळेत भूमितीला काय करत होतात?" मधे मधे फोन वाजायचा म्हणून त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला आणि बंद करून कपाटात ठेवला.

रविवारी सकाळी लिफ्टने सरळ पार्किंगमध्ये उतरलो. अख्खी सोसायटी जमली होती. आम्ही विरुद्ध किशोर-हर्षाली. पलीकडच्या बोर्डवर माझा मुलगा विरुद्ध दिवाकरराव.

आणि मंडळी, मी खेळलो! का कोण जाणे, त्या दिवशी नेम बसत होता. नवसाबाई गेल्यापासून पहिल्यांदा मी एका जागी बसलो होतो आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. एकदा तर अंगठ्याने मारून बघितलं आणि सोंगटी गेली! दोन्ही जोड्यांचे बोर्ड सारखे झाले होते. शेवटचा बोर्ड चालू होता. शुभांगीताईंनी राणी कव्हरसकट घेतली होती, आता बोर्ड संपवायला माझ्यासमोर एक सरळ, सोपी, कोपऱ्याच्या तोंडावर बसलेली सोंगटी. लोक गोल करून, माना खाली घालून, श्वास रोखून उभे. मी घामेजलेला हात तोंडावरून फिरवला. हाताला बोर्डची पावडर, सगळं तोंड पांढरं झालं.

त्याच वेळी फाटकातून आवाज आला.

"मना भाऊ वं माय! मना रंगा गया वं!"

ही माझी मोठी बहीण धोंडाबाई. सटाण्याची, बोलणं सगळं अहिराणीत.

झालं होतं असं. माझा भाचा पहाटे कांद्याचा टेम्पो घेऊन मुंबईला निघाला होता. पाथर्डी फाट्यावर त्याने मामाला हार घातलेला बघितला. टेम्पो थांबवून आधी रडला, मग फोटो काढला आणि गावाला पाठवला. तिथून सगळ्यांनी मला फोन लावले. माझा फोन कपाटात! हर्षलचा फोन सामन्यासाठी बंद! मग कोणाला शंका उरणार? धोंडाबाईने दोन गाड्या केल्या, वीस माणसं भरली आणि निघाली.

आता तिला दिसलं काय? पार्किंगमध्ये गोल करून उभी माणसं. सगळ्यांच्या माना खाली. मधे काहीतरी आडवं ठेवलेलं. तिने दोन्ही हातांनी गर्दी बाजूला केली आणि "रंगा रे!" म्हणून जे अंग टाकलं, ते सरळ कॅरमबोर्डवर!

सोंगट्या चारी दिशांना उडाल्या. एक तर पलीकडे खेळणाऱ्या दिवाकररावांच्या खिशात गेली, असं नंतर कोणी म्हणालं. स्ट्रायकर गाडीखाली. धोंडाबाईने मान वर केली, तर समोर मी बसलेला. पांढऱ्या तोंडाचा.

ती किंचाळली. मीही किंचाळलो.

"तू जित्ता शे?"

"शे, आक्का, शे!"

"मंग मी सटाणापाईन रडत उनू, ते कोणाकरता?"

आणि तिने माझ्या एक थोबाडीत ठेवून दिली. पावडरीचा ढग उडाला. मग मला छातीशी धरून ती खरंच रडली. मागचे वीस जणही रडले, कारण ते त्यासाठीच आले होते.

हे सगळं निवळायला अर्धा तास गेला. फ्लेक्स काढला. किशोर सगळ्यांच्या पाया पडत फिरत होता, दोनदा तर चुकून वॉचमनच्या पडला. मग मी म्हणालो, "चला, बोर्ड परत लावा. माझी सोपी सोंगटी होती."

दिवाकरराव पलीकडचा सामना जिंकून आले होते. त्यांनी घसा साफ केला.

"देवरे, नियम असा आहे की जोडीच्या नातेवाइकाने बोर्ड हलवला तर तो बोर्ड समोरच्या जोडीला जातो."

"नातेवाईक मयताला आले होते हो!"

"नियमात कारण लिहिलेलं नाही."

झालं! बोर्ड गेला, सामना गेला. चार महिने पहिला असलेला माणूस सख्ख्या बहिणीमुळे अर्ध्या मिनिटात बाहेर! प्लेऑफ न्याय्य नाही याचा याहून मोठा पुरावा मी कुठून आणू? शुभांगीताई फक्त एवढंच म्हणाल्या, "कोन बरोबर होता हो, देवरेभाऊ."

दुपारी अंतिम सामना झाला. चौथ्याने पहिल्याला काढलं होतं, तिसऱ्याने दुसऱ्याला. शेवटी तिसरा चौथ्याला हरवून विजेता झाला. म्हणजे दिवाकरराव आणि गोदावरीवहिनी! थरार म्हणतात तो हाच.

आता आमच्याकडे रीत अशी, की मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंद कडू घास घेऊन येतात. धोंडाबाईने दोन टोपल्या भाकरी आणि मोठं पातेलंभर पिठलं आणलं होतं. ते परत कुठे नेणार? पार्किंगमध्येच पंगत बसली. अख्खी सोसायटी जेवली. विजेत्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मीही माझ्याच मयताचं पिठलं खाल्लं. मीठ थोडं कमी होतं.

जेवताना धोंडाबाईने विचारलं, हा सगळा घोळ कशापायी? मी तिला पहिल्यापासून सांगितलं. साखळी, सहा सामने, प्लेऑफ, फलक. तिने भाकरी खाली ठेवली आणि दिवाकररावांकडे वळली.

"दादा, तुम्ही जिकनात, तुमनं नाव लिखा. मना काय म्हननं नै. पन नवसानी जे जिकं, ते कोठे लिखशात?"

दिवाकररावांनी चष्मा काढला. पुसला. परत पुसला.

"अहो ताई, अख्ख्या प्लेऑफला त्यांचं नाव दिलंय," किशोर मधेच म्हणाला. "फलकावर सगळ्यात वर येईल. मोठ्या अक्षरांत!"

"नको," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो, हाताला पिठलं लागलेलं तसाच.

"मेल्याबद्दल नाव नको. मरतात सगळेच, त्यात तिने काही विशेष केलं नाही. तिने सहा सामने मारले, अंगठ्याने. त्याबद्दल लिहायचं असेल तर लिहा. नाहीतर राहू द्या."

हर्षल खाली बघत होता. मग गोदावरीवहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपण दोघं त्यांच्याशी साखळीत हरलो होतो. विसरलात? तुमची तर एकही सोंगटी गेली नव्हती."

"आठवतंय," दिवाकरराव म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांनी बराच वेळ पिठल्यात फिरवला. "फलकाच्या उजव्या कडेला एक पट्टी रिकामी आहे. अरुंद आहे, पण आहे. तिथे 'साखळीत प्रथम' असा रकाना करता येईल. दरवर्षीसाठी. मात्र प्लेऑफ राहणार, देवरे!"

"राहू द्या. अन्यायच आहे ती."

"थरार आहे."

"अन्याय!"

"बसा खाली, पिठलं घ्या."

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. तो दिवस मी कसा काढला, विचारू नका. चार वेळा क्लबहाउसच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत गेलो नाही, रंग ओला असताना कोणाचा धक्का लागायला नको. संध्याकाळी गेलो.

डावीकडे मोठ्या अक्षरांत दिवाकर व गोदावरी. उजवीकडे नवीन रकाना, 'साखळीत प्रथम'. आणि त्याखाली, पांढऱ्या ऑइलपेंटने: 'नवसाबाई देवरे व इतर'.

मी दिवाकररावांकडे धावलो. "इतर? मी नऊच्या नऊ सामने खेळलो!"

"पट्टी अरुंद आहे हो. जोडीत माणसं तीन झाली. तिघांची नावं बसत नव्हती," ते म्हणाले. "मी शुभांगीताईंना विचारलं, त्या म्हणाल्या ज्याने जास्त सामने जिंकून दिले त्याचं नाव लिहा. मग बाकीचे इतर. तुमची काही हरकत आहे का?"

मी विचार केला. हिशेबाला बाई पक्की. हरकत घ्यायला जागाच नव्हती.

आता मी रोज संध्याकाळी क्लबहाउसमध्ये जातो, थोडा वेळ बसतो. परवा ए विंगमध्ये नवीन राहायला आलेले एक गृहस्थ फलक वाचत उभे होते. त्यांनी मला विचारलं, "या नवसाबाई कोण हो?"

"माझी बायको," मी म्हणालो. "अंगठ्याने मारायची. सहा सामने, सहाच्या सहा जिंकली."

"वा! आणि हे इतर कोण?"

"होते कोणीतरी," मी म्हणालो. "फारसं बरं खेळायचे नाहीत."